घरची शाळा आणि सरकारचा पैसा

अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुली-सुना हल्ली फोनवर दोन शब्द एका दमात बोलतात. एक 'होमस्कूलिंग', म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवणं. दुसरा 'स्कूल चॉइस', म्हणजे सरकारी शाळा नको असेल तर मुलाच्या वाट्याचा सरकारी पैसा आई-वडिलांनी खासगी शाळेकडे किंवा घराकडे वळवून घेणं. ऐकणाऱ्याला वाटतं, दोन्ही एकच. पण यातली पहिली गोष्ट लोकांनी दंड भरून, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवली आहे. दुसरी फार उशिरा आली, वेगळ्याच वाटेनं आली आणि त्या वाटेवर एक टप्पा असा आहे की तो वाचताना मान खाली जाते.

मी या विषयात शिरले ती माझ्या टेक्सासमधल्या भाचीमुळे. तिचा मुलगा आठ वर्षांचा. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, याची तिथं मुलांकडून तालीम करून घेतात. दिवे बंद, दार बंद, कोपऱ्यात चिडीचूप बसायचं. त्या तालमीनंतर पोरगं रात्री झोपेना. भाची म्हणाली, "मावशी, घरीच शिकवू का गं? आता तर सरकार पैसेपण देणार आहे. तू बी.ए.ला इतिहास घेतला होतास ना, जरा वाचून सांग की." इतिहास घेतला होता तो पानिपत आणि पेशवाईचा, पण वाचायची सवय तर आहे. चार महिने मिळेल ते वाचत बसले.

सक्तीपासून सुरुवात करायला हवी, कारण सक्ती नसती तर घरी शिकवण्याला परवानगी कशाला लागली असती? अमेरिकेत शाळेची पहिली सक्ती मॅसॅच्युसेट्स राज्यानं १८५२ मध्ये केली. आठ ते चौदा वयाच्या मुलांनी वर्षातून बारा आठवडे शाळेत यायचं, एवढंच. शेवटचं राज्य मिसिसिपी, तिथं १९१८ उजाडलं. आपल्याकडे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लावला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायदा केला. म्हणजे मिसिसिपीच्या आधी बडोदा आणि कोल्हापूर! बडोद्याच्या मैत्रिणींनी हे नातवंडांना जरूर सांगावं.

आपल्याकडे सक्ती आली ती ज्यांना शाळेचं दारच बंद होतं त्यांच्यासाठी. म्हणून सक्ती हा शब्द आपल्या कानाला गोड लागतो. तिकडे मात्र सक्तीच्या पोटात आणखी एक हेतू होता. बाहेरून आलेल्या लोकांची मुलं एका साच्यातून काढायची.

नेब्रास्का राज्यातली गोष्ट सांगते. पहिल्या महायुद्धानं अमेरिकेत जर्मन भाषेविषयी चीड निर्माण झाली होती. १९१९ मध्ये नेब्रास्कानं कायदा केला की आठवी पास होईपर्यंत कोणत्याही मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शाळेत शिकवायची नाही. खासगी शाळेतसुद्धा नाही, धर्माच्या शाळेतसुद्धा नाही. तिथं ल्युथरन पंथाच्या एका खेड्यातल्या शाळेत रॉबर्ट मायर नावाचे मास्तर होते. मे १९२० मध्ये ते दहा वर्षांच्या एका मुलाकडून जर्मन भाषेतल्या बायबलच्या गोष्टी वाचून घेत होते. तेवढ्यावरून त्यांना पंचवीस डॉलर दंड झाला. मास्तरांनी दंड मुकाट्यानं सोसला नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला, की आपल्या मुलानं काय शिकावं हे ठरवण्याचा आई-वडिलांचा हक्क सरकारला असा हिरावून घेता येणार नाही.

बेळगावात जन्म गेलेल्या बाईला हे वाचताना नेब्रास्का परकं वाटेल का हो? शाळेची भाषा कोणती, हा आमच्या घराघरातला प्रश्न. १९५६ पासून आमची मुलं या प्रश्नासकट शाळेत जातात. कर्नाटक सरकारनं १९९४ मध्ये ठरवलं की पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच शिकवायचं. त्याविरुद्ध इंग्रजी शाळांचे चालक लढले आणि ६ मे २०१४ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शिक्षणाचं माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे, सरकारला मातृभाषा लादता येणार नाही. मायर मास्तर जर्मनसाठी लढले. आमच्याकडे त्याच जातीचा निकाल लागला तेव्हा त्याचा खरा फायदा इंग्रजीला झाला आणि गल्लीतल्या मराठी शाळेचा पट आणखी उतरला. हक्क मिळाल्यावर माणसं त्याचं काय करतात, हे काही न्यायाधीशांच्या हातात नसतं.

नेब्रास्काच्या पाठोपाठ ओरेगॉन. तिथं १९२२ मध्ये लोकांनी मतदान करून कायदा केला की आठ ते सोळा वयाच्या मुलांनी फक्त सरकारी शाळेतच जायचं. रोख कॅथलिक शाळांवर होता आणि पाठीशी कू क्लक्स क्लॅनसारखी द्वेष पसरवणारी संघटना होती. मुलींच्या शाळा चालवणाऱ्या कॅथलिक साध्वी कोर्टात गेल्या. १९२५ मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी कायदा रद्द केला. मूल ही सरकारची मालमत्ता नव्हे, असा त्या निकालाचा भाव होता. पण त्याच निकालात हेही होतं की शाळा तपासणं, शिक्षक कसे असावेत ते पाहणं, काही विषय शिकवलेच पाहिजेत असं म्हणणं, हा सरकारचा अधिकार कायम आहे. आज घरी शिकवणारे लोक पहिलं वाक्य पाठ म्हणतात, दुसरं कुणी म्हणत नाही.

यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं उलटली. मग आले अमिश. घोडागाडीतून फिरणारे, घरात वीज न घेणारे शेतकरी. ते मुलांना आठवीपर्यंत शाळेत पाठवत, पुढे नाही. पुढचं शिक्षण शेतात आणि स्वयंपाकघरात, असं त्यांचं म्हणणं. विस्कॉन्सिन राज्याचा कायदा सोळा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची करणारा. न्यू ग्लॅरस गावातल्या तीन बापांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. पाच डॉलर! पण मुद्दा पाच डॉलरचा नव्हताच. सरकारी शाळांना मदत मिळते ती पटावरच्या मुलांच्या संख्येवर. शाळेनं अमिशांना आधी सुचवलं होतं की सप्टेंबरातली मोजणी होईपर्यंत मुलांना येऊ द्या, मग काढा. अमिशांना ते लबाडीचं वाटलं, त्यांनी नकार दिला. कोर्टकचेरी त्यांच्या धर्मात बसत नाही, म्हणून त्यांच्या वतीनं एका ल्युथरन धर्मोपदेशकानं समिती काढली आणि वकील मिळवून दिला. १९७२ मध्ये अमिश जिंकले. पण कोर्टानं हेही बजावलं की ही सूट तीनशे वर्षांच्या धर्मपरंपरेसाठी आहे. एखाद्याला शाळा नुसती आवडत नाही, एवढ्यावर ती मिळणार नाही.

मग आजचे लाखो लोक घरी शिकवतात ते कुठल्या कायद्यानं? राज्याराज्यांच्या. अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय, त्यामुळे पन्नास राज्यांत पन्नास तऱ्हा. सत्तरच्या दशकात जॉन होल्ट नावाचे शिक्षक शाळा सुधारता सुधारता थकले आणि १९७७ मध्ये त्यांनी शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी एक नियतकालिकच काढलं. ते मोकळ्या विचाराचे. दुसऱ्या टोकाला कडवे ख्रिस्ती पालक, त्यांना शाळेत देव हवा होता. ही दोन टोकं घरच्या शाळेपुरती एकत्र आली. १९८३ मध्ये घरी शिकवणाऱ्यांना वकील देणारी संस्था निघाली आणि १९९३ पर्यंत सगळ्या राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं.

तऱ्हा किती वेगळ्या ते पाहा. न्यू यॉर्कमध्ये दर वर्षी आधी कळवायचं, वर्षभराचा आराखडा द्यायचा, तिमाही अहवाल द्यायचे आणि वर्षाअखेर मुलाची प्रगती तपासून दाखवायची. पेनसिल्व्हेनियात मुलाच्या कामाची फाइल ठेवून ती जाणकाराकडून तपासून घ्यायची. आणि टेक्सासमध्ये? काहीच नाही. तिथं ऐंशीच्या दशकात शिक्षण खात्यानं घरच्या शाळेला शाळा मानायचं नाकारलं होतं, आई-बापांवर खटले भरले होते. १९८५ मध्ये काही कुटुंबांनी मिळून उलट दावा लावला. १९८७ मध्ये खालच्या कोर्टात ते जिंकले आणि १९९४ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं, की घरची शाळा ही खासगी शाळाच. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व, एवढे विषय पुस्तकांवरून खरोखर शिकवा, बास. परीक्षा नाही, तपासणी नाही. मुलगा सरकारी शाळेत असेल तर नाव काढतो म्हणून एक पत्र द्यायचं.

भाचीला हे ऐकून हायसं वाटलं, मला जरा धडकीच भरली. चांगली आई असेल तर ठीक. नसेल तर त्या घरातल्या मुलाकडे कोण बघणार? आपल्याकडच्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेचा हक्क आहे आणि घरच्या शाळेविषयी सरळ तरतूदच नाही. घरी शिकणारी मुलं मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसून वाट काढतात.

आतापर्यंत जेवढी माणसं सांगितली, मायर मास्तर, त्या साध्वी, अमिश शेतकरी, टेक्सासचे आई-बाप, त्यांतल्या एकानंही सरकारकडे पैसा मागितला नव्हता. आम्हाला आमचं करू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पैशाची कथा वेगळी. व्हर्माँट राज्यात १८६९ पासून, ज्या गावात शाळा नाही तिथली मुलं दुसरीकडे शिकली तर त्यांची फी गाव भरत आलं आहे. ती साधी व्यवहाराची गोष्ट. १९५५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी लेख लिहिला की सरकारनं शाळा चालवू नयेत, आई-बापांच्या हाती ठरावीक रकमेची चिठ्ठी द्यावी, त्यांना हवी ती शाळा ते निवडतील. या चिठ्ठीला व्हाउचर म्हणतात. त्याच्या एक वर्ष आधी, १९५४ मध्ये, काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या होत्या. आता पुढचं वाचा.

व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाचा जिल्हा आहे. तिथल्या काळ्या मुलांच्या शाळेत वर्ग कमी पडत म्हणून डांबरी कागदाच्या झोपड्यांत मुलं बसवत. १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीनं संप घडवून आणला. त्या संपातून निघालेला खटला १९५४ च्या निकालात सामील होता. जिल्ह्याच्या गोऱ्या पुढाऱ्यांनी त्यावर काय करावं? १९५९ मध्ये जिल्ह्यातल्या सगळ्याच्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप ठोकलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी उघडली आणि पुढच्या वर्षी तिची फी भरायला पालकांना सरकारी अनुदान दिलं. सुमारे १,७०० काळी मुलं शाळेविना राहिली. कुणी नातेवाइकांकडे परगावी गेली, कुणी चर्चच्या तळघरात जमेल तसं शिकली, कितीतरी जणांचं शिकणं कायमचं सुटलं. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या हुकमानं शाळा उघडल्या. पाच वर्षं! सहा वर्षांचं मूल अकरा वर्षांचं होतं तेवढ्यात. त्या अनुदानालाही पालकांच्या निवडीचंच गोंडस नाव होतं.

बहिष्कार म्हणजे काय ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पण गोष्ट इथंच संपवली तर अन्याय होईल, कारण पुढे हीच मागणी काळ्या आयांच्या तोंडून आली. मिलवॉकी शहरात गरीब वस्तीतल्या सरकारी शाळांची दशा वाईट होती. पॉली विल्यम्स या काळ्या आमदार बाईंनी, त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या, रिपब्लिकन गव्हर्नरशी हातमिळवणी करून १९९० मध्ये व्हाउचर आणलं. फक्त गरीब घरांसाठी. पहिल्या वर्षी साडेतीनशेहून कमी मुलं होती आणि वर्षाला प्रत्येकी अडीच हजार डॉलरच्या आत रक्कम. धार्मिक शाळांना सुरुवातीला बंदी होती, १९९८ मध्ये तीही उठली. जिच्या पर्समध्ये फीचे पैसे नाहीत तिला शाळा निवडायची मोकळीक आहे असं म्हणणं म्हणजे चेष्टाच, हे पॉलीबाईंचं म्हणणं मला पटतं. पुढे उत्पन्नाची अट सैल करत करत मध्यमवर्गाला आत घेतलं, तेव्हा त्याच बाई विरोधात उभ्या राहिल्या.

२००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की पैसा पालकांच्या हातून धार्मिक शाळेत गेला तरी चालेल. मग चिठ्ठीचं खातं झालं. ॲरिझोनानं २०११ मध्ये अपंग मुलांसाठी शिक्षण बचत खातं काढलं आणि २०२२ मध्ये ते श्रीमंत-गरीब न पाहता सर्वांना खुलं केलं. वर्षाला साधारण सात हजार डॉलर. त्यातून फी भरा, पुस्तकं घ्या, शिकवणी लावा. गंमत अशी की ॲरिझोनात जी आई हे पैसे घेते तिचं मूल कायद्यानं होमस्कूलिंगमधलं राहतच नाही. घरच्या शाळेचं प्रतिज्ञापत्र मागे घ्यायचं आणि सरकारशी करार करायचा. स्वयंपाकघरातलं टेबल तेच, पुस्तक तेच, आई तीच, पण कागदावर नातं बदललं. फ्लोरिडातही २०२३ पासून पैसे घेणाऱ्या घरांची नोंद वेगळी होते, दर वर्षी मुलाची चाचणी द्यावी लागते. म्हणूनच घरी शिकवणाऱ्या जुन्या कुटुंबांपैकी कित्येक जण म्हणतात, आम्हाला तुमचा डॉलर नको.

त्यांचं म्हणणं ऐकताना मला आपले कर्मवीर आठवले. भाऊराव पाटील आपल्यातले, कुंभोजचे. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. गोरगरिबांची मुलं कष्ट करून शिकतील, हा त्यांचा बाणा. तरी शाळा वाढल्या तशी सरकारी ग्रँट लागलीच. १९४८ मध्ये त्यांनी सरकारवर टीका केली आणि मुंबई सरकारनं रयतची ग्रँट थांबवली. शेकडो शाळांचे शिक्षक, हजारो मुलं, आणि एका भाषणावरून नळ बंद! लोकांनी वर्गणी काढली, ओरड केली, तेव्हा पुढे ती परत सुरू झाली. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हे ठाऊक होतं. बोर्डिंगला धान्य देणारी, मुठीनं पीठ बाजूला काढणारी घरं आपल्याकडे होती, कारण सरकारचा हात आखडला तर चूल विझता कामा नये.

अर्थात रयतनं ग्रँट नाकारली नाही, हेही खरं. नाकारली असती तर किती पोरं शिकली असती?

आता टेक्सासचा कायदा. ३ मे २०२५ ला गव्हर्नरांची सही झाली, २०२६-२७ या शालेय वर्षापासून लागू. पहिल्या टप्प्याला शंभर कोटी डॉलर. भाचीनं 'दहा हजार डॉलर मिळतात' असं कुठंतरी ऐकलं होतं. नीट वाचलं तर दहा हजारांच्या आसपासची रक्कम मान्यताप्राप्त खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाला आहे, विशेष गरजा असलेल्या मुलाला तीस हजारांपर्यंत. घरी शिकणाऱ्याला जास्तीत जास्त दोन हजार. तेही आईच्या हाती नाहीत, मंजूर केलेल्या विक्रेत्यांकडेच खर्च करायचे. आई शिकवते, आजी शिकवते, त्याचा मोबदला त्यातून द्यायचा नाही, जवळच्या नातेवाइकाला पैसे देण्याची मनाईच आहे. म्हणजे 'सरकार पैसे देणार आहे म्हणून घरी शिकवते' हा हिशेबच चुकीचा. नोकरी सोडून घरी बसणाऱ्या आईचा एक पगार जातो, त्यापुढे दोन हजार म्हणजे वह्या-पुस्तकं आणि चित्रकलेची शिकवणी. मी तिला म्हटलं, "अगं, शिकवायचं असेल तर तुझ्या पैशानं शिकव, पहिलं वर्ष तरी. जमलं नाही तर शाळा जागेवरच आहे. कराराची कागदपत्रं मागाहून बघू."

धर्म शिकवण्यासाठी म्हणशील तर त्याला घरची शाळा लागतच नाही, हेही बोलले. रविवारची पाठशाळा त्यांच्या गावातल्या जैन सेंटरमध्ये आहेच, णमोकार मंत्र तो तिथंच शिकला.

अमिशांच्या खटल्यातली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण न्यायमूर्ती डग्लस यांनी अर्धवट वेगळं मत लिहिलं. त्यांचं म्हणणं, इथं आई-बाप बोलतात, राज्य बोलतं, पण ज्यांचं आयुष्य आहे ती मुलं कुठं आहेत? तीन कुटुंबांतल्या मुलांपैकी कोर्टात बोलली ती एकटी फ्रीडा योडर, पंधरा वर्षांची. ती म्हणाली, मला पुढे शाळेत जायचं नाही. डग्लस म्हणाले, मग फ्रीडापुरतं ठीक, बाकीच्या मुलांना कुणी विचारलं? बाकीच्या न्यायाधीशांनी तो मुद्दा बाजूला ठेवला.

हे मी भाचीला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. मुलाला विचारलं म्हणे. तो म्हणाला, तालमीच्या दिवशी मी घरी राहीन, बाकीच्या दिवशी जाईन, कारण त्याचा मित्र बसमध्ये त्याच्यासाठी जागा धरून ठेवतो. नाव काढायचं पत्र तिनं लिहून ठेवलं आहे, अजून पाठवलेलं नाही. तालमीची तारीख आधी कळवाल का, असं तिनं वर्गशिक्षिकेला विचारलं आहे.